पुणें-सोलापूर वाटेवरील गाड्यांचे तांडे व आजची ऊसगाडी

शेतांत पिकविलेला माल बाजारांत नेऊन पोंचविल्याखेरीज त्यास किंमत येत नाहीं, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती सांगण्याचेंहि कारण पडूं नये. असें असूनहि आमच्या शेतकरी वर्गांत बियाणें, खतें, पाणी व भाव यांविषयीं जितकी चर्चा होते तिच्या दशांशहि वाहतुकीविषयीं होत नाहीं. माल बांधावरून उचलला गेला म्हणजे आपलें काम संपलें अशी समजूत झाली आहे. ही समजूत अलीकडची आहे. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या पणज्यांस ती ठाऊक नव्हती. कारण ते स्वतःच गाडीवान होते. पुण्याहून इंदापुरावरून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर जे गाड्यांचे तांडे चालत, त्यांतील बैल आणि माणसें या भागांतील कुणबिकीवर पोसलेलीं असत. त्या वाटेचा इतिहास नीट पाहिला तर आजच्या ऊसगाडीचा प्रश्न आपणांस निराळा दिसेल, असें आम्हांस वाटतें.

गाडीच्या पूर्वीं पाठाळ बैल होता. लमाण व वंजारी लोकांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेले बैल हांकीत देशभर फिरत. धान्य एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत जाई व परत येतांना मीठ येई. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे आपण वाटेंत पाहिले असें सतराव्या शतकांत येथें येऊन गेलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये यानें लिहून ठेविलें आहे. पाठाळ बैलास रस्ता लागत नाहीं. पायवाट, नाला, घाट कांहींहि चालतो. परंतु एका बैलाच्या पाठीवर दोन-तीन मणांहून अधिक ओझें बसत नाहीं, तें रोज उतरावें व रोज लादावें लागतें, आणि वाटेंत गवत नसेल तर सारा तांडाच थांबतो. म्हणून ज्या वर्षीं पाऊस पडला नाहीं त्याच वर्षीं, म्हणजे धान्याची गरज अधिक असतांना, धान्य हलत नसे. एका जिल्ह्यांत ज्वारी पेवांत किडते आहे आणि चाळीस कोसांवर माणसें उपाशी आहेत, असे प्रकार त्या काळीं घडत, याचें मुख्य कारण वाहतूक हेंच होतें. जुनें तेवढें सोनें असें म्हणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

गाडीस प्रथम मोकळीक मिळाली ती बोरघाटामुळें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल चाकांवरून पनवेलच्या बंदरास उतरूं लागला. परंतु रस्ता झाला म्हणून गाडी होत नाहीं. त्या वेळची देशी गाडी भरीव चाकांची, बेढब व जड असे. ती ओढावयास अनेक जोड्या लागत, आणि साधारण कुळाच्या ऐपतीबाहेरची ती वस्तु होती. येथें इंदापूर तालुक्याचा संबंध येतो, व तो अभिमान वाटावा असा आहे.

त्या तालुक्याची स्थिति त्या वेळीं फार वाईट होती. प्रिंगलसाहेबांनीं निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ प्रमाणें सारा बसविला होता. तो कागदावर शास्त्रशुद्ध असला तरी रयतेस झेपला नाहीं, व गांवेंच्या गांवें पडीक झालीं. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं इंदापुरापासून नवी पाहणी सुरू केली आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीचा हलका सारा ठरविला. मुंबई इलाख्यांत पुढें सर्वत्र गेलेली जमीन-पाहणीची पद्धति ती हीच. याच सुमारास पाहणी खात्यांतील लेफ्टनंट गेस्फर्ड यांनीं भीमेपलीकडे टेंभुर्णीस गाड्यांचा कारखाना काढला. आरे असलेल्या चाकांची, लोखंडी धावेची, एका जोडीनें ओढतां येईल अशी व कुणब्यास परवडेल अशी गाडी तेथून निघूं लागली, आणि गांवोगांवचे सुतार-लोहार ती पाहून तशा गाड्या घडवूं लागले. हलका सारा आणि हलकी गाडी ह्या दोन गोष्टी या मुलुखांत जोडीनेंच आल्या. पहिलीचा उल्लेख महसुलाच्या प्रत्येक पुस्तकांत सांपडतो. दुसरीची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. आमच्या मतें दुसरीचें महत्त्व तिळभरहि कमी नव्हतें.

गाडी दाराशीं आली आणि शेतकऱ्याच्या वर्षाला एक नवा हंगाम जोडला गेला. हा मुलूख रब्बीचा. माघ-फाल्गुनांत ज्वारीचीं खळीं झालीं कीं मृगापर्यंत बैल मोकळे. त्या तीन महिन्यांत घरचा माल व सावकाराचा माल घेऊन लोक वाटेला लागत. एकट्यानें कोणी निघत नसे. चोराचें भय असे, चाक मोडलें तर दुसऱ्याची जोडी लावावी लागे, नदीच्या उतारावर एकाच्या गाडीला दोघांचे बैल जुंपावे लागत. म्हणून एका गांवच्या किंवा एका भावकीच्या गाड्या मिळून तांडा होई. उन्हाळ्यामुळें चालणें रात्रीचें. पुढची जोडी जाणत्या बैलांची व जागत्या माणसाची, मागच्या गाड्यांवरील माणसें घोंगडी पांघरून निजत. बैल पुढच्या गाडीमागें आपण होऊन चालत. लादलेली गाडी रात्रींत पांच-सहा कोस जाई. पुण्याहून इंदापूर सुमारें पंचाऐंशीं मैल, म्हणजे सात-आठ मजला. लोणी, यवत, पाटस, भिगवण, पळसदेव हीं त्या रस्त्यावरचीं गांवें. बारामतीकडची वाट पाटसपाशीं त्यास मिळे. सकाळीं तळ पडला कीं प्रथम बैलांस पाणी, मग कडबा, मग आसांस वंगण, आणि सर्वांच्या शेवटीं माणसांची भाकरी. हा क्रम कोणी लिहून दिलेला नव्हता. पण तो चुकविणाऱ्याची जोडी घाटाखालीं पोंचत नसे. पनवेलीस कापूस, गळिताचीं धान्यें व गूळ उतरून परत येतांना मीठ, नारळ, लोखंड व कापड भरून यावयाचें. रिकामी गाडी परत आणणें ही नामुष्की.

अशा वाटेला पाणी, सावली व वैरण या तीन गोष्टी लागतात, आणि त्या सरकारानें पुरविल्या नव्हत्या असें नव्हे, पण सर्वस्वीं सरकारानें पुरविल्या असेंहि नव्हे. कोणीं विहीर बांधली, कोणीं वडाचीं झाडें लावून जगविलीं, कोणीं धर्मशाळा घातली. गाड्यांचा तळ गांवाला भूषण वाटे. कारण तळावर कडबा विकला जाई, शेणखत मागें राही आणि मुलुखाच्या बातम्या कळत.

पुढें आगगाडी आली. मुंबई-ठाणें १८५३ सालीं सुरू झालें. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत व त्याच वर्षाअखेर पुण्याहून इंदापूर तालुक्यांतील डिकसळपर्यंत रूळ पोंचले. १८६० सालीं सोलापूर गांठलें. मात्र बोरघाटाचें काम १८६३ पर्यंत चाललें होतें. तोंपर्यंत घाटावरची आगगाडी वर आणि खालची खालीं, मध्यें माल उतरून बैलगाडीनेंच न्यावा लागे. विलायती एंजिनांच्या दोन टोंकांमधला सांधा पांच वर्षें आमच्या बैलांनीं जोडून धरला. १८६३ नंतर त्याचें कारण उरलें नाहीं.

लांबच्या वाटेचें भाडें बुडालें. प्रथम तें जाणवलें नाहीं. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाला अद्भुत भाव होता व रेल्वेच्या कामांवर गाडीभाडेंहि भरपूर मिळत होतें. युद्ध संपलें, कामें आवरलीं, भाव उतरले, आणि नेमक्या त्याच वेळीं, १८६७ सालीं, इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढला. वाढीच्या कारणांत आगगाडीनें बाजार जवळ आला हें एक होतें. बाजार जवळ आला हें खरें. परंतु त्या बाजाराच्या वाटेवर जें भाडें शेतकऱ्यास मिळत असे तें गेलें, याची वजाबाकी कोणीं केली नाहीं. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुपें येथें सावकारांचीं खतपत्रें जाळण्यापासून जे दंगे सुरू झाले त्यांचीं कारणें अनेक होतीं. गाडीभाडें बुडणें हें त्यांतील एक होतें, आणि तें विसरलें जातें, एवढेंच आमचें म्हणणें.

हें आमच्याकडेंच झालें असें नाहीं. अमेरिकेंत मिसूरीपासून सांता फेपर्यंत सुमारें नऊशें मैलांचा गाडीरस्ता १८२१ सालीं व्यापारास खुला झाला. त्यावर बैलांच्या व खेंचरांच्या गाड्यांचे तांडे साठ वर्षें चालले आणि १८८० सालीं आगगाडी तेथें पोंचतांच बंद पडले. तिकडे त्या वाटेच्या चाकोऱ्या राखून ठेविल्या आहेत. आपल्या चाकोऱ्यांवर चौपदरी डांबर पडलें व पळसदेवचें जुनें देऊळ उजनीच्या पाण्याखालीं गेलें. पाणी फार ओसरलें कीं तें बाहेर दिसतें. त्याचें दुःख करण्यांत अर्थ नाहीं. धरणाचें पाणी आपणांसच मिळालें आहे.

परंतु एका बाबतींत आपली गोष्ट अमेरिकेहून निराळी झाली. तेथें गाडी संपली. येथें तिची वाट तेवढी आंखूड झाली. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, बारामती व इंदापूरच्या माळांवर ऊस उभा राहिला आणि गुऱ्हाळांचा गूळ गाड्यांतून स्टेशनांकडे वाहूं लागला. १९१४ सालीं दौंडाहून बारामतीस लहान रुळांची आगगाडी आली. १९३० नंतरच्या दशकांत कळंब येथें वालचंदनगरचा कारखाना व स्वराज्यानंतर भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वरनगर येथें सहकारी कारखाने उभे राहिले. तोडलेला ऊस लौकर गाळला नाहीं तर वजन व साखर दोन्ही उतरतात. शेताच्या कडेपर्यंत, चिखलांतून, अरुंद पाणंदींतून जाणारें वाहन बैलगाडीच. लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आले, लाकडी आस जाऊन पोलादी आस आला, पण जू तेंच राहिलें. फरक एवढाच झाला कीं आतां त्या गाडीवर बारामतीचा शेतकरी बसत नाहीं. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, पाथर्डी अशा दुष्काळी भागांतील, त्याच्यासारखाच पण कालव्याचें पाणी न मिळालेला शेतकरी बसतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास या टोळ्या येतात व चैत्रापर्यंत राहतात. पूर्वीं त्या आपल्याच गाड्यांत भांडीं, मुलें व कोंबड्या घालून मुक्काम करीत करीत येत. आतां बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता, कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम, आणि आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर. पहाटेच्या आधीं फडांत जाणें, दिवसभर तोड व मोळ्या, मग गाडी भरून कारखान्याच्या कांट्यावर रांगेंत उभें राहणें, आणि गाडी रिकामी होऊन कोपीवर परत येईतों कित्येकदां रात्र सरते. हा आजचा तांडा. मजला आंखूड आहेत, पण हाल जुन्या तांड्याहून अधिक आहेत असें म्हणण्यास आम्ही कचरत नाहीं. जुन्या तांड्याच्या बैलास दिवसा विसांवा होता. या बैलास रांगेंत उभें राहणें हाच विसांवा. जुन्या तळावर विहीर व वड होता. या तळास बहुधा कालव्याच्या भरावाशेजारची किंवा कारखान्याच्या कुंपणाबाहेरची, कोणास नको असलेली जमीन मिळते. तेथें पाणी लांब, शौचकूप नाहीं, दिवा नाहीं. बायकांस अंधार पडण्याची वाट पाहावी लागते, हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण न लिहिणें अधिक लाजेचें होईल.

यावर आमचे कांहीं बागाईतदार बंधु म्हणतील कीं हा प्रश्न कारखान्याचा व मुकादमाचा. आम्ही ऊस दिला कीं सुटलों. शिवाय तोडीच्या वेळीं खुशालीच्या नांवाखालीं आमच्याकडूनच पैसे उकळले जातात, त्याचें काय? ही तक्रार खोटी नाहीं. फड वाळत असतांना जो पैसे मागतो त्यास नाहीं म्हणतां येत नाहीं, आणि लहान शेतकरी त्यांत अधिक नाडला जातो. पण दोन्ही गोष्टींचा हिशेब एकत्र मांडून पाहावा. तोडणी व वाहतूक यांचा खर्च आपल्या उसाच्या बिलांतूनच वजा होतो. म्हणजे या तांड्याचे धनी आपण आहों, पैसे आपण देतों, आणि तो तांडा कसा चालावा याविषयीं मात्र एक शब्द बोलत नाहीं. सहकारी कारखान्याचा सभासद हा मालक असतो असें आपण भाव मागतांना म्हणतों. तळाची व्यवस्था करतांनाहि तें म्हटलें पाहिजे. ज्या टोळीची नोंद, तारीख व मजुरी उघड व ठरलेली असते, आणि जिला राहण्यास नीट जागा मिळते, तिला खुशाली मागण्याचें निमित्तहि कमी उरतें. मागितली तर सभासदास ठणकावून नाहीं म्हणतां येतें.

बैलांविषयींहि थोडें लिहिणें अवश्य आहे. ओझ्याच्या व भारवाही जनावरांसंबंधींचे १९६५ चे नियम देशांत लागू आहेत. त्यांप्रमाणें जनावरास दिवसांत नऊ तासांहून अधिक जुंपूं नये, पांच तासांहून अधिक अखंड चालवूं नये, पारा ३७ अंशांवर गेला असतां दुपारीं बारा ते तीन जुंपूं नये, आणि गाडीच्या व बैलाच्या मानानें ओझ्यालाहि मर्यादा आहे. हे नियम कांट्यावरच्या किती लोकांस ठाऊक असतील? टायरगाडी हलकी चालते म्हणून तिच्यांत दोन टन व त्याहूनहि अधिक ऊस भरला जातो. सपाटीवर तो ओढला जातो, पण कालव्याच्या पुलाच्या चढावर बैल गुडघ्यावर येतो. खांदेसूज झालेल्या बैलास जुंपणें हें क्रौर्य तर आहेच, पण नुसत्या व्यवहाराच्या दृष्टीनेंहि तें खोटें आहे. हंगामाच्या मध्यांत बैल बसला कीं एका कुटुंबाचा हंगाम बुडतो व आपला ऊस फडांत राहतो. वजनाच्या कांट्यावर वजन तर प्रत्येक गाडीचें होतेंच. मग जास्त भरलेल्या गाडीची नोंद तेथेंच होणें कितीसें अवघड आहे? गाडीच्या मागें चकाकणारी पट्टी लावण्याचा खर्च तर एका मोळीच्या किंमतीइतकाहि नाहीं, आणि अंधारांत मागून येणाऱ्या मोटारीच्या धडकेनें माणूस व बैल दोन्ही जातात.

यंत्रानें तोड होऊं लागली आहे, ती वाढेल, व वाढावी असेंच आमचें मत आहे. परंतु यंत्रास रुंद सरी व मोठा सलग फड लागतो. एक-दोन एकरांच्या, तुटक, पाणंदीच्या आंतल्या शेतांत तें लौकर शिरेल असें दिसत नाहीं. शिवाय जनावरांस वाढें मिळतें तें हातच्या तोडीमुळें, हें दूधधंदा करणारांनीं विसरूं नये. तेव्हां उद्यां यंत्र येणार आहे म्हणून आज कोपीवर पाणी न देणें हें समर्थन टिकत नाहीं.

ऊसतोड कामगारांकरितां राज्यांत गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें महामंडळ स्थापन झालें आहे, व गाळलेल्या उसावर टनामागें दहा रुपये त्याकरितां घेण्याचें ठरलेलें आहे. साखरशाळा कांहीं ठिकाणीं निघाल्या, कांहीं ठिकाणीं बंद पडल्या. सरकारानें आपलें काम करावेंच. पण तळाची जागा सरकार पुण्यामुंबईहून शोधूं शकणार नाहीं. ती गांवाला ठाऊक असते. हें काम आपल्या गांवांस अवघड आहे असें म्हणण्याची तर सोयच नाहीं. दरवर्षीं आषाढी एकादशीच्या आधीं तुकोबांची पालखी पाटसवरून बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी अशी या दोन तालुक्यांतून जाते. १६८५ पासून चालत आलेल्या या सोहळ्यांत एका रात्रीच्या मुक्कामासाठीं आपलीं गांवें काय करीत नाहींत? रस्ते झाडतात, टांक्या ठेवतात, दिवे लावतात, शौचकूप उभारतात, वैद्य आणून बसवितात, दिंड्यांच्या बैलांसाठीं वैरण काढतात. तेंच गांव, तेच लोक. पांच महिने राहणाऱ्या तांड्यासाठीं त्यांतील चौथा हिस्सा व्यवस्था होऊं शकत नाहीं, असें कोणी आम्हांस सांगितलें तर तें आम्ही मानणार नाहीं.

कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपर्यंत व्हावयाच्या असतात. सभेंत भावाखालोखाल जो विषय निघावा तो हा. प्रत्येक गटांत तळाची एक कायम जागा, तेथें नळ व शौचकूप, बैलांसाठीं हाळ, शाळेपर्यंत मुलांस नेण्याची सोय, आणि कांट्यावर जनावरांच्या डॉक्टरांची आठवड्यांतून दोन फेऱ्या, एवढें मागण्यास कोणा सभासदास भीड वाटूं नये. खर्चाचा आंकडा कारखान्यानें मांडावा व तो तोडणी-वाहतुकीच्या खात्यांत उघड दाखवावा. आपण तो देऊं. जागा श्रावण-भाद्रपदांत ठरली तर दसऱ्यापूर्वीं तीवर मुरूम टाकून धुमस करतां येतो व पाण्याचा नळ आणतां येतो. टोळ्या उतरल्यावर जागा शोधावयास निघालें म्हणजे पुन्हा कालव्याचा भरावच हातीं लागतो.